रकाना क्रमांक सतरा

मुंबईहून आलेला फॉर्म अठ्ठावीस रकान्यांचा आहे.
मेडिकलच्या अभिलेख विभागात, कूलरच्या ओल्या वासात,
तीन दिवस झाले, तोच भरतोय.
बाहेर मे. पत्र्याच्या शेडखाली
डोक्यावर ओले दुपट्टे घेऊन पडलेत नातेवाईक,
बालाघाटचे, सिवनीचे, भामरागडचे.
फॉर्मच्या माथ्यावर ठळक अक्षरात:
निधीचा दुसरा हप्ता कामगिरीनुसार.

कामगिरी म्हणजे काय ते खाली दिलंय.
खाटांचा वापर. निकालाची टक्केवारी.
शोधनिबंध, देशी आणि विदेशी.
रकाना सतरा: मृत्युदर. कमी असल्यास गुण जास्त.

मी प्रल्हाद भैसारे, वरिष्ठ लिपिक.
एकवीस वर्षांत कुणाला सुई टोचली नाही,
पण कोण कुठून येऊन गेला
हे माझ्याइतकं या इमारतीत कुणाला ठाऊक नसेल.
धंतोलीत पैसे संपतात साधारण बाराव्या दिवशी.
मग रात्री दोनला चिठ्ठी येते, 'पुढील उपचारांसाठी'.
चिठ्ठीमागे स्ट्रेचर,
स्ट्रेचरमागे एक माणूस, ज्याचा ऑटो कालच विकला गेला.
पहाटे पाचला आमच्या खात्यावर एक वाढतो.
त्यांच्या भिंतीवर सोनेरी प्रमाणपत्र.
आमच्या भिंतीवर पाल.

आणि ही जैनी पुंगाटी, एटापल्लीकडची, मण्यार चावलेली.
व्हेंटिलेटर तीन. दोन चालू, दोन्ही गुंतलेले.
तिसऱ्याच्या दुरुस्तीचे पैसे
दुसऱ्या हप्त्यात आहेत.
ठवकर नावाची इंटर्न, गोळीबार चौकातली पोरगी,
रात्री अकरापासून फुगा दाबत बसली.
दाब, सोड. दाब, सोड.
जैनीचा भाऊ माडियात काहीतरी मोजत होता,
श्वास असतील, किंवा घरच्यांची नावं.
सकाळी सहाला मशीन मोकळं झालं तेव्हा
ठवकर हजेरीच्या यंत्रापाशी गेली.
ग्लोव्हच्या घामानं अंगठा फुगून गुळगुळीत.
यंत्र म्हणालं, पुन्हा प्रयत्न करा.
तिनं पाच वेळा केला.
रकाना नऊ: गैरहजर.

जैनी जगली. एक्केचाळीस दिवस राहिली.
रकाना अकरा: सरासरी मुक्काम. कमी असल्यास गुण जास्त.
मेली असती तर सतरात गुण गेले असते,
जगली म्हणून अकरात गेले.
शिपाई उरकुडेला हे समजावून सांगितलं.
तो पंख्याकडं बघत म्हणाला,
"मंग तिनं कराव तरी काय, बाप्पा?"

काल साहेबांनी आत बोलावलं. दार लोटून घेतलं.
"भैसारे, पहिल्या चोवीस तासांत गेलेले
'आणताना मृत' मध्ये बसतील का?"
वाईट माणूस नाही.
ऑपरेशन थिएटरचा एसी तीन आठवडे बंद आहे,
सर्जनच्या कपाळाचा घाम पुसायला वेगळा पोरगा उभा असतो.
त्यांना हप्ता हवा. मलाही हवा,
माझ्या साळ्याचं डायलिसिस इथंच होतं, मंगळवार, शुक्रवार.
मी "पाहतो जी" म्हणालो.
सरकारी नोकरीत या दोन शब्दांवर
पाच-सहा दिवस काढता येतात.

आज सकाळी सतरात पेन्सिलनं एक आकडा लिहिला.
खोडला.
दुसरा लिहिला, लहान, सुबक, गुण देणारा.
त्याच्याकडे बघवेना.
फाइलवर दगड ठेवला, कूलरनं उडू नये म्हणून,
आणि खाली गेटवर तर्री-पोहे खायला आलो.

पहिला घास घेतला आणि
मध्य प्रदेशची पाटी असलेली ॲम्ब्युलन्स वळली.
मागचं दार उघडलं. एक पाय दिसला,
हळद लावलेला, काळा पडत चाललेला.
बोटं हलली.
मी बघितलं, हलली.

प्लेट कट्ट्यावर ठेवली. तर्री अजून वाफाळत होती.
सवयीनं घड्याळ पाहिलं, तळहातावर पेननं लिहून घेतलं:
दहा वाजून चौदा मिनिटं.
जिवंत आणला.